चिठ्ठीवरचं गाव

पहाटे ५.३०

दिवाळीआधीचे हे पंधरा-वीस दिवस आमच्या कामाचे. पाऊस उघडलेला असतो आणि माळावरचं गवत तुऱ्यावर आलेलं असतं. लवकर गेलं तर तुरा कच्चा, उशीर केला तर मेंढरांनी माळ साफ केलेला. गवत ओळखायचं ते कणसातल्या तुसांवरून, कुसळांवरून. नुसत्या पात्यावरून भलेभले चकतात. म्हणून ऑक्टोबरात मी थर्मासमध्ये चहा भरून अंधारातच घर सोडते.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या विभागाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून जाड कागदावर शिवलेल्या झाडाझुडपांचा संग्रह, माझ्या ताब्यात आहे. प्राणिशास्त्राचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या संग्रहालयाच्या किल्ल्याही माझ्याच पर्समध्ये असतात. भूगर्भशास्त्राच्या दगडांचं एक कपाट त्याच खोलीत आहे. मोठ्या शहरात ज्याला निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय म्हणतात, त्याचं आमच्याकडचं रूप एवढंच: दोन खोल्या, एक व्हरांडा आणि लॅबचे मामा.

सकाळी ६.२०

लोह्याच्या रस्त्याला सोनखेड ओलांडून गाडी उभी केली. बरोबर एम.एस्सी.ची दोन मुलं. लाकडी प्रेस, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, खुरपं, कात्री, फील्ड बुक आणि पेन्सिल. पेन आम्ही माळावर नेत नाही. दंवानं शाई पसरते, आणि पुढे कधी कपाटात ओल शिरली तर पेनचं अक्षर आधी पुसलं जातं. पेन्सिलीचं राहतं.

गवत मुळासकट घ्यायचं, माती झटकायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं. आमचा कागद ४२ सेंटीमीटर लांब आणि २८ रुंद. कमरेइतकी वाढलेली कुसळी त्यावर मावावी म्हणून तिला इंग्रजी एन अक्षरासारखं मुडपावं लागतं. तुरा वर राहिला पाहिजे, मूळ खाली दिसलं पाहिजे, एखादं पान उलटं ठेवलं पाहिजे म्हणजे पाठीवरची लव दिसते. हे हाताला बसायला दोन पावसाळे जातात.

एका मुलानं फील्ड बुकात लिहिलं, "माळरान, नांदेड." मी वही परत त्याच्या हातात दिली. नांदेड जिल्हा किनवटच्या सागवनापासून देगलूरच्या ग्रॅनाइटपर्यंत पसरलेला आहे, त्यातला हा कुठला माळ? मग त्यानं फाट्यापासूनचं अंतर लिहिलं, मोबाईलवरून अक्षांश-रेखांश आणि उंची लिहिली, मुरमाड जमीन, उतार पूर्वेकडे, शेजारी काढणीला आलेलं सोयाबीन. फुलाचा रंग लिहिला, कारण तो वाळल्यावर उडतो. गवत किती उंच होतं तेही. पान-मूळ-तुरा शंभर वर्षांनीही कागदावर दिसेल, पण या गोष्टी आज लिहिल्या नाहीत तर कायमच्या गेल्या.

मेंढरं घेऊन एक म्हातारे धनगर आले. थोडा वेळ बघत उभे राहिले.

"कशाला नेता वो हे? ह्याला तर दिवाळीनंतर मेंढरं तोंडबी लावीत न्हाईत. कुसळं घुसत्यात."

"त्याच्या आधी खातात का, बाबा?"

"कवळं हाय तवर खात्यात की."

हे वाक्य त्यांच्याच शब्दांत फील्ड बुकात गेलं. गवताचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कन्टॉर्टस, ते पुस्तकात सापडेल. मेंढरू ते कधी खातं आणि कधी सोडतं, हे या माळावर उभं राहूनच कळतं.

सकाळी ८.४५

कुलूप मामांनी उघडून ठेवलं होतं. आत पाय टाकला की आधी डांबरगोळ्यांचा वास, त्याच्या मागून फॉर्मॅलिनचा. मामा या खोलीत माझ्याहून जुने. रोज पहिली अर्धी घटका त्यांची आणि माझी एकच: कपाटांची दारं उघडायची, खालच्या कप्प्यापासून बघत यायचं, कुठे भुसा पडलाय का, कुठे कसर लागलीय का. वाळवी भिंतीकडून येते, कसर कागदातून, आणि एक तपकिरी, मोहरीएवढा किडा थेट सुकलेल्या फुलांत घर करतो. सूर्यफूल, करडई यांची शीट्स त्याची आवडती. भुसा दिसला की ती शीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये. फ्रीजर आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतलेला आहे आणि उत्तम चालतो.

काही जुन्या शीट्सना मामा हातमोज्यांशिवाय हात लावू देत नाहीत. पूर्वी झाडं मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी क्षाराच्या, द्रावणात बुडवून घेत. त्यामुळे कीड येत नसे. पण तो क्षार कागदात तसाच राहतो.

मग बरण्या. आसना नदीचे, गोदावरीचे मासे: मरळ, वाम, शिंगटी. विष्णुपुरीचं धरण होण्याआधी जाळ्यात आलेले काही. बरणीचं झाकण कितीही मेणानं बंद करा, नांदेडचा उन्हाळा आतलं स्पिरिट ओढून घेतोच. मामा पट्टीनं पातळी मोजतात आणि एका वहीत लिहितात.

"मॅडम, ह्या मरळीच्या बरणीत पुन्हा बोटभर उतरलंय बगा."

२०१६ चा एप्रिल मला या कामामुळे लक्षात आहे. लातूरचे नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. माझी बहीण लातूरला असते, ती घागरी घेऊन रांगेत होती, आणि इथे आम्ही बरण्यांची घसरणारी पातळी सांभाळत होतो. त्याच महिन्याच्या २६ तारखेला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळालं. १९७८ साली उघडलेलं, पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलांनी पाहिलेलं. बातमी कळली तेव्हा मामा आणि मी या खोलीत उभे होतो. स्पिरिट, सुकं गवत, कापूस भरलेले पक्षी, जुना कागद: आमच्याकडेही नुसतं जळणच आहे. त्या दिवसापासून इथला मुख्य स्विच संध्याकाळी बंद होतो. फ्रीजरसाठी मामांनी वेगळी लाइन ओढून घेतली.

सकाळी १०.१५

बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल झालं. मग जिल्हा परिषदेच्या शाळेची पाचवी-सहावीची मुलं आली, चाळीसच्या वर.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला. अजगराच्या बरणीपुढे उभं राहून, "हा खरा हाय का?" खरा आहे. मग, "कुणी मारला?" हा प्रश्न मला आवडतो आणि त्याचं उत्तर मी टाळत नाही. पूर्वी संग्रहासाठी प्राणी मारत असत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर ते बंद झालं. पुढे महाविद्यालयांतलं विच्छेदनही कमी होत गेलं. म्हणून या खोलीतले बहुतेक प्राणी माझ्याहून वयानं मोठे आहेत, आणि त्यांच्या जागी नवे येणार नाहीत. ही बरणी फुटली तर फुटली. मुलं तेव्हा बरणीपासून थोडी मागे सरकतात.

भरलेल्या पक्ष्यांच्या पेटीत प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली आहे. मी मुलांना विचारते, गळ्यात का नाही बांधली? पिसं खराब होतील म्हणून, असं एक मुलगी लगेच म्हणाली. बरोबर. मग त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. बर्लिनच्या संग्रहालयात शिकून आलेला पस्तिशीचा माणूस गावोगाव मुक्काम करत, दिवसा पक्षी मिळवत, रात्री कंदिलापाशी बसून चिठ्ठ्या लिहीत. ते लेखन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं. ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी काढली. त्यांतले दोघे भारतीय, दोघेही डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन.

मुलांना नावं राहणार नाहीत. पण पुढचं राहील. मी सकाळच्या कुसळीची एक कुसळ काढली, काचेवर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. कुसळ वळायला लागली, हळूहळू, स्वतःभोवती. चाळीस मुलं एकदम गप्प. ती वाळली की उलटी वळते, भिजली की पुन्हा सुलटी. अशी वळत वळत ती बी घेऊन जमिनीत शिरते, आणि जमीन सापडली नाही तर मेंढराच्या कातड्यात. निघताना जिनं पिसांचं उत्तर दिलं होतं तिनं चार कुसळी मागून घेतल्या आणि वहीच्या पानात ठेवल्या. त्या पानावर तारीख आणि "सोनखेड" लिहायला मी तिला सांगितलं.

दुपारी १२.३०

स्पिरिटच्या परवान्याचा अर्ज लिहिला, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे दरवर्षी जातो तसा.

डबा. माझी पोळी, मामांची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी. मामांनी पिशवीतून पाथरी काढली. बायको निवडताना त्यात एक वेगळंच पान निघालं, ते त्यांनी कागदात गुंडाळून आणलं होतं. पाथरीसारखंच, पण देठ लाल. जेवण झाल्यावर भिंगाखाली बघू म्हटलं. त्यांच्या शेजारणीनं ते कुठल्या शेतातून आणलं, हे मामा संध्याकाळी विचारून येणार आहेत. तोवर त्या पानाला शीट मिळणार नाही. हा नियम मामांचाच.

दुपारी १.३०

लातूरच्या गाडीनं एक मुलगा आला. पीएच.डी. करतोय, औसा तालुक्यातल्या माळरानांवरच्या गवतांवर. १९८०च्या दशकात तिथे काय उगवत होतं आणि आज काय उगवतं, हा त्याचा प्रश्न. मधल्या काळात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, माळ नांगरले गेले, गाजरगवत आलं. लोक म्हणतात पूर्वी मारवेल कमरेइतका व्हायचा. लोकांचं म्हणणं खरं असेलही, पण प्रबंधात ते लिहायचं तर मारवेल दाखवावा लागतो: कुठला, कधीचा. तो फक्त अशा खोल्यांत असतो.

या भागाचं एक दुखणं आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये आला. आजही तो उघडल्याशिवाय आमचं काम पुढे सरकत नाही. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून ग्रंथाबाहेर. आमच्या माळांची रीतसर नोंद व्हायला पुढची सत्तर वर्षं गेली. औरंगाबादच्या विद्यापीठातल्या डॉ. व्ही. एन. नाईक यांचं 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' १९७९ साली आलं, आणि 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'चे दोन खंड १९९८ साली. ही पुस्तकं माझ्या टेबलावर नेहमी उघडी असतात, पानं सुटायला आलीत. उन्हात गावोगाव हिंडून एका माणसानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी आमच्या जमिनीला तिची यादी दिली. मराठवाड्यात यावर जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

'उस्मानाबाद' हे नाव वाचून त्या मुलानं विचारलं, यात लातूर आहे ना? आहे. लातूर जिल्हा १९८२च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याआधी तो उस्मानाबादचा भाग होता. आणि उस्मानाबाद २०२३ पासून धाराशिव आहे. उदगीरचं एक झुडूप घ्या. त्याच टेकडीवर ते १९५० साली तोडलं असतं तर चिठ्ठीवर "जिल्हा बीदर, हैदराबाद राज्य" आलं असतं. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ला लातूरला. झुडूप जागचं हललं नाही, चिठ्ठीवरचा जिल्हा दोनदा बदलला. आमच्या किनवटचंही तसंच, ते आदिलाबादकडून आलं.

म्हणून पहिला नियम: जुन्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. गाव बदललं, जिल्हा बदलला, शास्त्रीय नाव चुकलेलं निघालं, तर खाली नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर आपलं नाव आणि आजची तारीख घालायची.

हा नियम मी मोडून शिकले. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. मूल्यांकनाची समिती येणार होती आणि मला खोली नीटनेटकी दिसायला हवी होती. दोन रात्री जागून मी कितीतरी जुन्या, पिवळ्या, फाटक्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांच्या जागी एकसारख्या, टाइप केलेल्या लावल्या. "उदगीर, जि. लातूर." जुन्या चिठ्ठ्यांवर कुठे मैलाचा दगड लिहिलेला होता, कुठे नाल्याचं नाव, एकावर उर्दूत दोन ओळी होत्या ज्या मला वाचता येत नव्हत्या. मला त्या अनावश्यक वाटल्या. सगळ्या टोपलीत टाकल्या. समितीनं कपाट उघडलंही नाही.

मामांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "मॅडम, कामून टाकायलाव ते?" मी म्हटलं, नवे लावलेत ना. सहा वर्षांनी, मला माझी चूक कळून बराच काळ लोटल्यावर, एकदा मी हे त्यांच्यापाशी बोलून दाखवलं. ते उठले, गॅसच्या शेगडीमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत अकरा चिठ्ठ्या होत्या. अक्षर जुनं दिसलं म्हणून टोपलीतून उचलून ठेवल्या, म्हणाले. उर्दूचीही त्यात होती. पण कुठली चिठ्ठी कुठल्या शीटची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्या अकरा चिठ्ठ्या मी वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत. त्यांच्या अकरा शीट्स कपाटात कुठेतरी आहेत, माझ्या सुबक चिठ्ठ्या लावलेल्या.

दुपारी २.४५

त्याला हवी होती ती घडी मिळाली. मारवेल, ऑगस्ट १९८७. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली, मूळची. औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं एक गाव, आणि पुढे: "वेशीबाहेर, बारवेच्या वर, उत्तरेचा माळ."

त्यानं ती बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "मॅडम, हे आमचंच गाव."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. गावांची नावं तीच राहिली, जागा बदलल्या. आज नकाशात त्या नावावर बोट ठेवलं तर ते नव्या गावावर पडतं, सरळ रस्ते आणि एका मापाची घरं असलेल्या. १९८७च्या चिठ्ठीतली वेस तिथे नाही. हा मुलगा नव्या गावात जन्मलेला. बारव त्यानं फक्त ऐकलेली.

चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश नाहीत. तेव्हा कुणाकडे तसलं यंत्र नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, वेस कुठे जाणार आहे?

"आबांना विचारतो," म्हणत त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आबा शेतात होते, मागे मळणी यंत्र चालू होतं. मुलानं चिठ्ठी वाचून दाखवली. यंत्राचा आवाज दूर गेला, ते बाजूला चालत गेले असावेत.

"वेशीतनं भाईर निघालं की डाव्या अंगाला बारव. तिथनं वर चढ हाय. मदी लिंबाचं झाड हुतं. पोळ्याला बैलं तिथनं वळवून आणायचो." थोडं थांबून म्हणाले, "बारव बुजली. समदीकडं बाभळी झाल्यात. पण मी उभा ऱ्हाऊन दावतो की. कवा जायचं?"

मुलगा म्हणाला, उद्या सकाळीच. आबा म्हणाले, बरं. मग विचारलं, "कोण लिवलंय ते?" मी नाव सांगितलं, आमच्याच विभागातल्या एका जुन्या शिक्षकांचं. आबांना कुणी असा माणूस आल्याचं आठवत होतं, झोळी आणि लाकडी फळ्या घेऊन, पोरं मागे लागलेली. ते तेच होते की नाही, कुणाला ठाऊक. मी आबांना हो-नाही काही म्हटलं नाही.

त्याच कपाटात खाली एक न शिवलेला गठ्ठा आहे, त्याच शिक्षकांचा. सप्टेंबर १९९३ च्या शेवटच्या आठवड्यातली झाडं. प्रेसमधले कागद रोज बदलावे लागतात, ओले काढून कोरडे घालावे लागतात. या गठ्ठ्यातले शेवटचे कागद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांचे आहेत. गावागावांची यादी, आकडे, ढिगाऱ्याची छायाचित्रं, आणि त्यावर चपटं झालेलं तरवडाचं फूल. झाडं आजवर कुणी शिवली नाहीत. मी ते कागद आम्लरहित पाकिटात घातले, पण झाडांपासून वेगळे केले नाहीत. मुलाला गठ्ठा दाखवला. त्यानं वरचा एक कागद पाहिला आणि घडी परत मिटली.

दुपारी ४.१०

चहा घेता घेता त्यानं विचारलं, आमच्या पायाखाली नेमकं काय आहे? दगडांचं कपाट उघडलं. औशाचा काळा बेसाल्ट आणि देगलूरचा गुलाबी ग्रॅनाइट त्याच्या दोन हातांत दिले. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेऊन सबंध खडकाचा दांडा वर काढला. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्याखाली ८ मीटर गाळ, लाव्हा येण्याआधीच्या जमिनीचा. आणि त्याखाली तो अतिप्राचीन पायाचा खडक. किल्लारीला त्याच्यापर्यंत पोचायला एवढं खोल जावं लागलं, आणि आमच्या देगलूर-बिलोलीकडे त्याच वर्गाचा खडक उघड्यावर पडलेला आहे, पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. तो ग्रॅनाइटचा तुकडा त्यानं हातात तोलून पाहिला. आठ मीटरच्या त्या गाळात काय काय असेल, असं म्हणाला. मलाही हेच वाटत आलंय.

मामांनी तोवर १९८७च्या शीटचे फोटो काढून दिले, पट्टी आणि रंगपट्टी शेजारी ठेवून. वीज दोनदा गेली.

संध्याकाळी ५.२०

निघता निघता पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. मांजरा काठचा, लातूर जिल्ह्यातला. मोबाईलवर फोटो: वाळूच्या थरात अडकलेलं हाडासारखं काहीतरी, मांडीएवढं जाड. त्याच्या चुलत्यानं नदीच्या कड्याखाली पाहिलं.

फोटोवरून मी काही सांगितलं नाही, पण छातीत धडधडलं. मांजरेच्या जुन्या गाळात, हरवाडीसारख्या गावांजवळ, हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक कित्येक दशकं त्यावर काम करताहेत. आज भारतात रानात एकही पाणघोडा नाही. पण हजारो वर्षांपूर्वी लातूरच्या नदीत ते डुंबत होते. जिथे रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे.

त्याला सांगितलं: काढू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो काढा. कड्याचा सबंध फोटो काढा, वरून किती हात खाली आहे ते मोजा. हाड कुठल्या थरात आहे त्यावरून त्याचं वय ठरतं, एकदा उपटलं की तो नुसता जड दगड. पुण्याला मी कळवते.

"पण मॅडम, तिथं वाळूचा उपसा चालूय. रातीतनं ट्रॅक्टर येतात."

मग आजच. चुलत्याला फोन लावायला लावला, आणि मोबाईलवर ती जागा नोंदवून घेतली. पुण्याला फोन केला, फोटो पाठवले. परवा येतो म्हणाले. परवापर्यंत त्याचा चुलता रात्री तिथे झोपायला जाणार आहे, आपण होऊन, कुणी न सांगता.

रात्री ९.४०

घरी प्रेस उघडला. सकाळचं गवत दमट होतं, वर्तमानपत्रं ओलसर. सगळे कागद बदलले, पट्टे पुन्हा आवळले. ओले कागद गच्चीत दोरीवर टाकले. मामांचा फोन येऊन गेला: लाल देठाची पाथरी मुदखेडच्या रस्त्याला, हळदीच्या रानातून, बांधावरची.

फील्ड बुकातून आजच्या चिठ्ठ्या उतरवल्या. सोनखेडच्या पुढे, फाट्यापासूनचं अंतर, चिंचेच्या जोडझाडाच्या पूर्वेला. तिथे थांबले. रस्ता रुंद झाला तर चिंचा राहणार नाहीत. अक्षांश-रेखांश लिहिले होतेच, तरी चिंचा ठेवल्या. धनगरबाबांचं वाक्यही ठेवलं.

दहाच्या सुमारास त्या मुलाचा निरोप आला. तो चाकूरपर्यंत पोचला होता. आबा थांबले नव्हते. संध्याकाळीच टॉर्च घेऊन जुन्या गावठाणावर गेले, जिथे लिंब होता तिथे उभे राहिले, आणि पुतण्याकडून मोबाईलवर ती जागा पाठवली. खाली लिहिलं होतं: लिंबाचं खोड हाय अजून. बाजूला मारवेल बी हाय.

पाकिटातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि पेन्सिलीला टोक केलं. जागेचे आकडे लिहिले, आबांचं वाक्य लिहिलं, तारीख घातली. उद्या सकाळी ही १९८७च्या शीटवर लावायची, जुन्या चिठ्ठीच्या खाली, दोन बोटं जागा सोडून.